साळवे मिस्त्रींच्या आठ मोटारी

साळवे मिस्त्री माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते दोनच शब्द. "हे उसवा."

मी तेव्हा मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका बागेत शिवणकाम करत होते. बाग म्हणजे तिकीट काढून आत जायची, पाळणे, घोडे, छोटी आगगाडी असलेली. ऐंशीच्या दशकात उपनगरातल्या पोरांना एवढं पुष्कळ होतं. राईडच्या सीटा, ताडपत्र्या, नोकरांचे युनिफॉर्म, सगळं माझ्या मशीनवर यायचं. रेक्झिनच्या सीटा शिवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही असं मला वाटायचं, आणि ते मी लोकांना ऐकवायचेही. त्यामुळे काल लागलेला हा उंच, काळा, पन्नाशीचा माणूस माझ्या नव्याकोऱ्या सीटवरून अंगठा फिरवतो आणि उसवायला सांगतो म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

"का? शिलाई वाकडी आहे का?"

"शिलाई सरळ आहे ताई. गाठ वर आलीय. इथं बघा, हात लावून बघा."

मी हात लावला. होती गाठ. तांदळाच्या दाण्याएवढी.

"एवढ्याशा गाठीनं काय होतंय?"

"पोरं हाफचड्डीत बसतात," ते म्हणाले आणि निघून गेले. उत्तरासाठी थांबायची त्यांना सवयच नव्हती. मी त्यांना मनात चार शिव्या दिल्या आणि अख्खी सीट उसवली. त्यानंतर आजतागायत माझ्या हातच्या शिवणीत गाठ वर आलेली नाही.

त्यांचं सगळं हातावर होतं. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. पाळण्याचा बोल्ट बघायचा तर आधी बोटानं चाचपायचे, मग पान्यानं. बेअरिंगमध्ये ग्रीस आहे का, ते डबीकडे न बघता बोट घालून सांगायचे. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचे आणि नेमक्या जागी थांबायचे. तिथं पोचा असायचाच. कुणी "बघितलं मिस्त्री, ठीक आहे" म्हणालं की त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "हात लावून बघितलं का?" पोरं त्यांची नक्कल करायची. कँटीनमध्ये चहा आला की कुणीतरी म्हणायचं, हात लावून बघितला का? मिस्त्रींच्या कानावर ते जायचं. ते हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत.

राग यायचा तो एका शब्दाचा. "चालतंय." हा शब्द ऐकला की कपाळावरची शीर उठायची. "चालतंय म्हणजे काय? पडेपर्यंत सगळं चालतंच."

बागेत एक मोटारींची राईड होती. जुन्या काळातल्या मोटारी असतात ना, उंच टपाच्या, पितळी दिव्यांच्या, रबरी भोंगा असलेल्या, तशा आठ छोट्या पत्र्याच्या गाड्या. जमिनीत एक रूळ होता, त्यावरून त्या माणसाच्या चालीनं एकामागून एक जायच्या. झाडांमधून, एका लुटुपुटूच्या पुलावरून, वळणं घेत परत यायच्या. पोरं स्टिअरिंग फिरवत बसायची. स्टिअरिंग कशालाही जोडलेलं नव्हतं, पण ते पोरांना कुठं माहीत असतं? गाड्या पार म्हाताऱ्या झाल्या होत्या. पत्रे गंजलेले, दिवे गेलेले, माझ्या सीटा तेवढ्या धड. मे महिन्याची सुट्टी संपली, पावसाळ्यात राईड बंद झाल्या, तेव्हा शेठनं मिस्त्रींना बोलावून सांगितलं, "दसऱ्याला चालू करायच्या. वरून लाल कलर मारून टाका ना. आत कोण बघतोय?"

मिस्त्रींनी मान डोलावली. आम्हाला वाटलं, पटलं बहुतेक. दुसऱ्या दिवशी आठही गाड्यांचे सांगाडे शेडमध्ये सुटे पडलेले होते.

चार महिने तो माणूस त्या गाड्यांच्या मागे होता. गंज खरवडता खरवडता त्यांना जुन्या रंगांचे थर सापडले. लालच्या खाली निळा, निळ्याच्या खाली पिवळा, आणि सगळ्यांत खाली प्रत्येक गाडीचा आपला वेगळा रंग. एक बाटलीसारखी हिरवी, एक सायीच्या रंगाची, एक जांभळी. मिस्त्री पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासत बसायचे आणि नवा रंग लागला की मला हाक मारायचे. "ताई, या इकडं. ही करडी निघाली." जसं काही मुलगी झाली. शेठ लालच म्हणत होता. मिस्त्री म्हणाले, "सगळ्या लाल केल्या तर पोरगं घरी जाऊन काय सांगेल, मी कुठल्या गाडीत बसलो?" शेठ माणूस वाईट नव्हता. त्यालाही ते पटलं.

स्टिअरिंगचं तर विचारूच नका. आधी ते पंख्यासारखं गरगर फिरायचं. मिस्त्रींनी आत स्प्रिंगा बसवल्या. आता ते फिरवायला जोर लागायचा आणि सोडलं की आपोआप जागेवर यायचं. "चालवल्यासारखं वाटलं पाहिजे," ते म्हणायचे. मग स्वतः बसून बघायचे. एवढा मोठा माणूस त्या एवढ्याशा गाडीत, गुडघे कानाला लागलेले, गंभीर चेहऱ्यानं पुढे बघतोय, वळण आलं की हात बाहेर काढून खूण करतोय, रिकाम्या बागेत भोंगा वाजवतोय. राईडचं बटण बाबू चालवायचा. तो आमच्या कोकणातलाच, मालवणकडचा. तो मला म्हणायचा, "बघ गो शालन, ह्यो माणूस खुळो आसा." मी हसून हसून मशीनवर डोकं टेकायचे. कुर्ल्याच्या टॅक्सी गॅरेजात वीस वर्षं काढलेल्या मिस्त्रींनी आयुष्यात खरी मोटार एकदाही चालवली नव्हती. मी विचारलं, का? म्हणाले, "कुणी बस म्हणालंच नाही. आपण खालीच."

दुपारी आम्ही तिघं शेडमध्येच जेवायला बसायचो. मिस्त्रींच्या बायकोच्या हातची जवसाची चटणी मी निम्मी संपवायचे. तेव्हा आमच्या ह्यांची भांडुपची कंपनी टाळेबंदीत अडकली होती, दोन्ही मुलं लहान, घर माझ्या एका मशीनवर चाललं होतं. मिस्त्रींना ते ठाऊक होतं. कधी विषय काढला नाही, पण चटणीचा डबा हळूहळू मोठा होत गेला.

एक गोष्ट मी मागे टाकून पुढे आले. मुद्दाम टाकली. ती आता सांगायलाच हवी.

मिस्त्री लागले त्या वर्षीचा दसरा. बागेतल्या सगळ्या मशीनांची पूजा माझ्याकडे असायची. मी हार करायचे, हळदकुंकू लावायचे, बाबू नारळ फोडायचा. मिस्त्री बौद्ध होते. पूजेत ते नसायचे. त्या दिवशी पांढरा शर्ट घालून सकाळी विक्रोळीच्या विहारात वंदनेला जायचे आणि मग कामावर यायचे. त्या वर्षी ते आले तेव्हा मी पूजेचं ताट एका गाडीखाली ठेवलं होतं आणि वरून तेल ठिबकत होतं. मिस्त्री वाकले आणि ताट उचलून बाजूला ठेवू लागले.

मी म्हणाले, "अहो मिस्त्री, त्याला तुम्ही नका लावू हात."

दार लावून घ्या म्हणावं, इतक्या सहज मी म्हणाले. त्यांनी ताट होतं तिथंच खाली ठेवलं, दोन्ही हातांनी, फूलही न हलवता. "बरं, ताई," म्हणाले. पुढच्या दुपारी त्यांच्याच डब्यातली चटणी मी खाल्ली. चटणी चालत होती आणि ताट चालत नव्हतं, हे माझ्या डोक्यात कुणी आणि कधी घातलं ते मला सांगता येणार नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलंसुद्धा नाही.

तर पुढच्या वर्षीचा दसरा. आठही मोटारी तयार. काय दिसत होत्या! मी रंगाला रंग जुळवून सीटा शिवल्या होत्या. पितळी दिव्यांत आपला चेहरा दिसत होता. आदल्या संध्याकाळी मिस्त्रींनी बत्तीसच्या बत्तीस चाकं एकेक करून हातानं फिरवली, चाचपली, आणि प्रत्येकावर खडूनं बरोबरची खूण केली.

मी सकाळी बाजारातून सुटा झेंडू आणून हार ओवायला बसले. आदल्या वर्षी साध्या दोऱ्याचे हार वाऱ्यानं तुटून पडले होते. म्हणून मी डोकं चालवलं. रेक्झिन शिवायचा माझा नायलॉनचा दोरा घेतला. तो दातानं तुटत नाही, दोन माणसांनी ओढला तरी तुटत नाही. आपल्या कामाचाच दोरा पूजेला, याचं मला कौतुकही वाटलं. आठ हार केले आणि आठ गाड्यांच्या तोंडावर बांधले. सायीच्या गाडीला सगळ्यांत लांब, कारण ती मला सगळ्यांत आवडायची.

दुपारी मिस्त्री आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट. बाहेर पोरांची रांग लागलेली. त्यांनी एकेका गाडीभोवती चक्कर मारली. पाठीमागे हात बांधून. मी ते पाहिलं. पाहुण्यासारखे काय फिरतायत, असं मनात आलं, आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

तिसऱ्या फेरीला सायीची गाडी पुलापलीकडच्या वळणावर थांबली. तिथं झाडी होती, बाबूला बटणाजवळून दिसत नव्हतं. गाडीत सहाएक वर्षांची मुलगी एकटीच होती. गाडी का थांबली बघायला ती उभी राहिली, मागे वळली, उजवा हात मागच्या पत्र्यावर ठेवला. मागून हिरवी गाडी येत होती, सावकाश, नेहमीच्या चालीनं. तिचा तो पितळी दिवा मुलीच्या बोटांवर आला.

तिची किंकाळी मी शेडमध्ये ऐकली.

मुलीला बापानं उचललं, शेठच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मिस्त्री पांढऱ्या कपड्यांनिशी सायीच्या गाडीखाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांची एक मूठ मिटलेली होती. ती त्यांनी खिशात घातली.

संध्याकाळपर्यंत बागेत एकच बोलणं चाललं होतं. मिस्त्री पूजेला नव्हता. जो मानत नाही त्याच्या हातच्या गाड्या, मग असंच होणार. बाबूही हेच बोलत होता, रडत रडत, कारण बटण त्याच्या हातात होतं. शेठनं ते काही मनावर घेतलं नाही. पण दवाखान्यातून तो दमून आला होता, मुलीची दोन बोटं गेली होती, आणि बाप त्याला विचारत होता की हे कुणामुळे झालं. शेठनं सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्री, काय झालं? सांगा."

मिस्त्री म्हणाले, "माझी चूक. चाक तपासायचं राहिलं."

चाकावर खडूची खूण होती. ती सगळ्यांना दिसत होती. कुणीही तिचं नाव काढलं नाही. मीही नाही.

शेडमध्ये ते पेटी आवरत होते. मी जाऊन उभी राहिले. त्यांनी खिशातून काढून माझ्या हातावर ठेवलं. काळ्या ग्रीसनं माखलेला दोऱ्याचा गुंता, त्यात झेंडूच्या दोनतीन पाकळ्या. हार हलून हलून खाली आला होता, टोक चाकाच्या दांड्यात गेलं होतं आणि फेऱ्यांबरोबर गुंडाळत गेलं होतं. साधा दोरा असता तर तुटला असता.

"मी सांगते शेठला," मी म्हणाले. "आत्ता जाऊन सांगते."

"आणि उद्या चूल कशावर पेटवाल?"

"पण मिस्त्री, तुम्ही कशाला स्वतःवर..."

"चाक माझं आहे, ताई. त्यात जे अडकलं तेही माझंच."

मला रडू फुटलं होतं. आणि रडता रडता मी त्यांनाच विचारलं. माणसाची जीभ किती नालायक असते बघा. मी म्हणाले, "तुम्ही तर सगळं हात लावून बघता. मग हार कसा नाही बघितला? एकदा चाचपला असता तर कळलं असतं हो तुम्हाला, दोरा कसला आहे ते!"

ते पेटीचं कुलूप लावत होते. वर न बघता म्हणाले, "हाराला नाही लावत मी हात."

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. टोमणा नव्हता, राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तो दोरा मुठीत धरून उभी राहिले, आणि वर्षापूर्वी माझ्या तोंडून सहज गेलेलं ते वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं. मिस्त्रींनी पेटी खांद्यावर घेतली. जाताना आठही गाड्यांकडे एकदा पाहिलं. मग गेले.

मी शेठकडे गेले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आधी म्हटलं दिवाळी होऊ दे. मग म्हटलं ह्यांची कंपनी उघडू दे. कंपनी उघडली, तेव्हा म्हटलं, आता सांगून काय उपयोग? कारणं मला कधी कमी पडली नाहीत. बागेत नवा माणूस आला की बाबू त्याला साळव्यांची गोष्ट सांगायचा, पूजेसकट, आणि मी मशीन जोरात चालवायचे. ती मुलगी मुलुंडातच राहत होती, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी भाजीला जायचा रस्ता बदलला. चार वर्षांनी शेठनं गाड्या फायबरच्या केल्या, सीटा साच्यातूनच यायला लागल्या, आणि माझंही काम संपलं. मला वाईट वाटलं नाही. सुटले असंच वाटलं.

त्यानंतर एका रविवारी मी विक्रोळीला मिस्त्रींचं घर शोधत गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. टेकडीवरच्या वस्तीत चौथ्या गल्लीत ते दाराबाहेरच बसलेले सापडले, पुढ्यात स्टोव्ह आणि बत्त्या, दुरुस्तीला आलेल्या. केस पूर्ण पांढरे. मला पाहून उठायला लागले.

"बसा, बसा मिस्त्री."

"ताई? एवढ्या लांब?" त्यांनी स्वतःच्या बुडाखालचं पोतं काढून माझ्यासाठी घातलं. मुलांचं विचारलं, ह्यांचं विचारलं. गाड्यांचं विचारलं नाही. मी म्हणाले, "मिस्त्री, मी तुमच्यावर फार अन्याय केला. दोऱ्याचाच नाही. त्याच्या आधीचाही."

त्यांनी हातातली पिन स्टोव्हच्या छिद्रात घातली आणि काढली. "झालं ते," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "एक विचारू का? ती पोरगी दिसते का कधी? मी तीनदा गेलो होतो त्यांच्याकडं. तिच्या वडिलांनी दार नाही उघडलं. बरोबरच आहे त्यांचं. पण मला एवढंच बघायचं होतं, की ती लिहिते का? उजवा हात होता ना. शाळेचं वय होतं. तुम्ही तिथल्याच, तुम्हाला माहीत असेल."

मला काहीच माहीत नव्हतं. ते आता माझ्याकडे बघत होते. पाठ करून गेलेलं सगळं मी विसरले.

"लिहिते ना," मी म्हणाले. "उजव्याच हातानं लिहिते. अक्षर छान आहे."

त्यांनी हातातली पिन खाली ठेवली. मग वळून त्यांनी घरात हाक मारली, "अगं, ऐकलंस का? बागेतल्या ताई आल्यात. ती पोरगी लिहिते म्हणे. उजव्या हातानं लिहिते."

आतून भांडी खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यांची बायको ओल्या हातांनीच लगबगीनं बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि तिनं मला हात जोडले.